बातमी जोखणारा

निफाडास आमचे एक जुने स्नेही राहतात. गृहस्थ वकील, गांवच्या न्यायालयांत चाळीस वर्षें वकिली करून आतां घरीं बसले आहेत. घर मोठें, माणसें पुष्कळ आणि प्रत्येकास स्वतःचें मत. गेल्या पौषांत त्यांच्याकडे तीन दिवस राहण्याचा योग आला, त्या वेळीं घरांत एका प्रश्नावरून चांगलीच वादावादी चालू होती. त्यांचा नातू देहरादूनच्या सैनिकी प्रबोधिनींतून रजेवर आला होता. तेथील शिक्षण संपतांना सैन्याच्या कोणत्या शाखेंत जावयाचें याची पसंती उमेदवारास लिहून द्यावी लागते; आणि या मुलानें पहिली पसंती गुप्तवार्ता शाखेस देण्याचा मनोदय जेवतां जेवतां सहज बोलून दाखविला.

आजोबांच्या हातांतला घास हातांतच राहिला. "अरे, देवळालीची तोफखान्याची शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि तुला तोफखाना नको, कागदखाना हवा? कारकुनीच करावयाची होती तर ती निफाडच्या कचेरींतहि मिळाली असती." आजी म्हणाल्या, "हेरगिरी म्हणजे दुसऱ्याच्या घरांत डोकावणें. आपल्या घराण्यांत तें कोणीं केलें नाहीं." मुलाच्या वडिलांनीं वर्तमानपत्राआडून तिसरा आक्षेप काढला: "आणि त्या लोकांचें नांव तरी कधीं ऐकूं येतें? ऐकूं येतें तें ते फसले म्हणजे."

वाचकहो, हे तीन आक्षेप एका घरांतले खरे. पण आमच्या सुशिक्षित समाजाचें या धंद्याविषयींचें सारें मत त्यांत आलें आहे. काम कारकुनाचें, रीत चोरट्याची आणि कीर्ति अपयशाची! यांपैकीं पहिले दोन गैरसमजाचे आहेत. तिसरा मात्र खरा आहे, आणि तो खरा कां, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम शब्दाचा घोळ काढून टाकला पाहिजे. हेर, जासूद, नजरबाज, बातमीदार हे आमच्या भाषेंतले जुने शब्द. ते सारे बातमी आणणाराचे आहेत. बहिर्जी नाइकाचें नांव पोरासोरांच्या तोंडीं आहे. १६६४ च्या जानेवारींत शिवाजीमहाराज सुरतेवर चालून गेले, त्या प्रसंगांत बहिर्जीनें आणलेल्या खबरेचा उल्लेख सभासदानें केलेला आहे. परंतु आणलेली बातमी खरी किती, पेरलेली किती, आणि तिच्यावरून शत्रूच्या मनांत काय आहे, हें ठरवावयाचें कोणीं? त्या माणसास आमच्या भाषेंत जुना शब्दच नाहीं. महाराज तें काम स्वतः करीत, म्हणून शब्दाची गरज पडली नसावी. राज्य वाढलें, शत्रु दूर गेला, बातम्यांचा ढीग पडूं लागला, म्हणजे राजास स्वतः तें जमत नाहीं. त्यासाठीं निराळा माणूस लागतो. हल्लीं त्यास विश्लेषक म्हणतात. आम्ही या लेखापुरतें त्यास बातमी जोखणारा म्हणूं. इंग्रजींत बुद्धि आणि गुप्तवार्ता या दोहोंस एकच शब्द असल्यामुळें, 'सैनिकी' आणि 'बुद्धि' हे दोन शब्द एकत्र नांदत नाहींत, अशी एक जुनी थट्टा त्या लोकांत चालत आली आहे. मराठीस ती थट्टा करतां येत नाहीं, हें एक बरें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं वकीलसाहेबांस आणि त्यांच्या नातवास घेऊन चांदोरी गांठली. निफाडाहून नाशिकच्या वाटेवर गोदावरीच्या कांठीं हें गांव आहे. नदींतलीं जुनीं देवळें पाहावयास लोक येथें येतात. आम्ही गेलों तें हिंगण्यांच्या वाड्यासाठीं. नाशिकचे क्षेत्रोपाध्ये महादेवभट हिंगणे हे बाळाजी विश्वनाथाबरोबर १७१८-१९ च्या स्वारींत दिल्लीस गेले आणि पुढें पेशव्यांचे वकील म्हणून तेथेंच राहिले. त्यांच्यामागें बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम, देवराव या मुलांनीं तेंच काम चालविलें. पादशाहीच्या राजधानींत बसून या घराण्यानें पुण्यास जो पत्रव्यवहार केला त्याचे खंड भारत इतिहास संशोधक मंडळानें गणेश हरि खरे यांच्या संपादनाखालीं छापले आहेत, आणि वकीलसाहेबांच्या कपाटांत ते आहेत. आमच्या स्नेह्यांनीं ते इतिहास म्हणून वाचले होते. आमचें म्हणणें असें कीं, ते एका धंद्याचे कागद म्हणूनहि वाचावेत.

वकील म्हणजे त्या काळीं केवळ दरबारांत उभा राहून बोलणारा नव्हे. वजीर कोणावर रुष्ट आहे, रोहिल्यांचा कल कोणीकडे आहे, पंजाबांतून कोणती अफवा येते, सावकार हुंडी घेण्यास कां कां-कूं करूं लागले, हें सारें त्यानें पाहावयाचें. आणि पाहून झाल्यावर, याचा अर्थ आपल्या मतें असा, हें धन्यास लिहावयाचें. पत्र जासुदाच्या जोडीबरोबर निघावयाचें, तें पुण्यास पोहोंचेपर्यंत दिल्लीचा रंग पालटलेला असावयाचा. म्हणून आज काय आहे एवढें लिहून भागत नसे. पत्र पोहोंचेल त्या दिवशीं काय असेल, हेंहि लिहावें लागे. जोखण्याचें काम येथें सुरू होतें. आणि त्यांतली अडचणहि येथेंच दिसते. दिल्लींत पेशव्यांचे दुसरे एक मातबर पुरुष अंताजी माणकेश्वर हे होते. त्यांचें व हिंगण्यांचें पटत नसे. हे त्यांच्याविरुद्ध लिहीत, ते यांच्याविरुद्ध लिहीत. पुण्यांत बसलेल्या धन्यापुढें एकाच शहराचीं दोन चित्रें येत, आणि त्यांतलें शहर कोणतें व भांडण कोणतें हें त्यास निवडावें लागे. आजहि दोन खात्यांच्या मत्सरामुळें राजाच्या डोळ्यांवर झांपड येते, हें पुढें येईलच.

एक गोष्ट हिंगण्यांच्या बाजूची सांगितली पाहिजे. एका घराण्यानें एकाच दरबारावर पिढ्यान् पिढ्या डोळा ठेविल्यामुळें कोण खोटें केव्हां बोलतो हें त्यांस ठाऊक असे. हल्लींच्या सैन्यांत अधिकारी दोन-तीन वर्षांनीं बदलतो. शत्रूच्या सेनापतीचा स्वभाव कळूं लागावा तों याची बदली होते. पचमढीस परकी भाषा शिकविण्याची आणि पुण्यास या शाखेच्या खास शिक्षणाची सोय सैन्यानें केली आहे. पण शिकविलेला माणूस एका जागीं टिकूं देणें ही निराळी गोष्ट आहे. या कामांत बुद्धीइतकीच बैठक लागते, असें आमचें मत आहे.

चांदोरी एका अंगास, तर तालुक्याच्या दुसऱ्या अंगास येवल्याच्या वाटेवर विंचूर आहे. तेथील विंचूरकरांचे मूळपुरुष विठ्ठल शिवदेव हे पानिपतावर होते. पानिपताची कथा आमच्या घरांत शेंकडों वेळां सांगितली जाते; तिच्यांत भाऊसाहेब असतात, विश्वासराव असतात, जनकोजी असतात. बातमीचा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. १७६० च्या आक्टोबरांत अब्दाली यमुनेच्या पूर्वतीरीं अडकला होता आणि नदी पावसाच्या पाण्यानें भरून चालली होती. भाऊसाहेबांनीं १७ आक्टोबरास कुंजपुरा घेतला आणि ते कुरुक्षेत्राकडे वळले. नदीचें पाणी उतरेपर्यंत शत्रु पलीकडेच राहणार, हा मनाचा ग्रह होता. आठ-दहा दिवसांत अब्दाली बागपताजवळ पाण्यांत उतरला, कांहीं माणसें वाहूं दिलीं आणि अलीकडे आला. मराठ्यांची दिल्लीची वाट तुटली. पुढचें १४ जानेवारी १७६१ रोजीं घडलें. नदीस पाणी आहे ही बातमी खोटी नव्हती. पाणी आहे म्हणून तो येणार नाहीं, हें अनुमान खोटें होतें. आणि मौज अशी कीं, नानासाहेब उत्तरेच्या वाटेवर भेलशाजवळ असतां दहा दिवसांनीं त्यांच्या हातीं जें पहिलें निश्चित वर्तमान आलें तें कोणा वकिलाच्या पत्रांतून नव्हे, तर एका सावकाराच्या सांकेतिक पत्रांतून. ज्याचा पैसा गुंतलेला असतो त्याचे जासूद जलद धांवतात.

येथवर ऐकून घेऊन वकीलसाहेब म्हणाले, "हा सगळा साक्षीपुराव्याचाच प्रकार झाला कीं! खरा साक्षीदार आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाहीं." निफाडच्या वकिलानें असें म्हणावें हें योग्यच होतें; न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ च्या जानेवारींत याच गांवीं झाला, आणि पुराव्याचें वजन करण्याचा अभिमान येथें अजून आहे. फरक इतकाच कीं, न्यायाधीशापुढें झालेली गोष्ट असते, जोखणाऱ्यापुढें व्हावयाची असते. न्यायाधीशास साक्षीदाराची उलटतपासणी घेतां येते. येथें साक्षीदार शत्रूचा, आणि पुष्कळदां त्यानेंच शिकवून धाडलेला.

आतां अलीकडची गोष्ट. १९६२ चें चीनचें युद्ध ज्या घरांनीं रेडिओपाशीं बसून ऐकलें त्यांस त्याची आठवण नको वाटते. २० आक्टोबरास हल्ला झाला, महिनाभरांत सारें संपलें, आणि नोव्हेंबरांत यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीस संरक्षणमंत्री म्हणून गेले. ते लोकसभेवर निवडून गेले ते १९६३ सालीं नाशिकमधून, आणि तेहि बिनविरोध. म्हणजे या जिल्ह्याचा त्या प्रकरणाशीं थोडा ऋणानुबंध आहे. याच निफाड तालुक्यांत ओझर येथें १९६४ मध्यें मिग विमानांचा कारखाना निघाला, त्याचें नांव लोक काढतात. त्याआधींचें यशवंतरावांचें एक काम मात्र कोणास ठाऊक नसतें.

पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स व ब्रिगेडियर भगत यांनीं केली. तो अहवाल सरकारनें दशकेंच्या दशकें कुलुपांत ठेविला. परंतु २ सप्टेंबर १९६३ रोजीं यशवंतरावांनीं लोकसभेंत त्याचें सार सांगितलें, आणि त्यांत गुप्तवार्तेविषयीं जें बोलले तें आमच्या मतें या विषयावरील उत्तम पाठ आहे. त्यांनीं कामाचे तीन भाग पाडले. बातमी गोळा करणें: तें मंद होतें आणि अहवाल मोघम होते. बातमी जुळवून जोखणें: चिन्यांच्या जमवाजमवीचें स्पष्ट चित्र तयार झालें नाहीं. बातमी पोहोंचविणें: ज्या तुकडीस लढावयाचें तिच्याकडे ती वेळेवर गेली नाहीं. यांतल्या दुसऱ्या भागांत त्यांनीं एक बारीक दोष दाखविला. शत्रूची नवी जमवाजमव दिसली ती जुन्या मांडणीशीं कोणीं ताडून पाहिली नाहीं; त्यामुळें समोर आलेलें सैन्य नवें आहे, कीं जुनेंच एका जागेवरून दुसऱ्या जागीं गेलेलें आहे, हें आघाडीवरच्या अधिकाऱ्यांस कळेना.

वकीलसाहेबांच्या पत्नींस हें नीट समजावें म्हणून नातवानें सांगितलें तें आम्हांस फार आवडलें. "आजी, लग्नघरांत माणसें किती आलीं तें तूं कसें ओळखतेस? सकाळच्या पंक्तीस साठ पानें, दुपारच्या पंक्तीस साठ पानें, म्हणून एकशेंवीस माणसें धरलीं तर स्वयंपाक उरतो. तींच माणसें दोनदां बसलीं कीं नवीं आलीं, हें चेहरे ओळखणारालाच कळतें. आमचें काम चेहरे ओळखण्याचें." आजी लगेच म्हणाल्या, "मग त्याला डोकावणें कोण म्हणेल? तें तर यजमानीणच करते!" दुसरा आक्षेप असा निकालांत निघाला.

पण १९६२ मध्यें दोष केवळ जुळवणीचा नव्हता. सरहद्दीवर चिनी रस्ते कोठवर आले, ठाणीं कोठें पडलीं, याच्या बातम्या गुप्तवार्ता विभागाकडे होत्या. १९६१ च्या सप्टेंबरांत त्या विभागानें सरकारास आपला अदमास कळविला: जेथें आपलें कोणी नाहीं तेथवर चिनी पुढें येतात, पण जेथें आपलीं दहाबारा माणसें जरी असलीं तेथून ते दूर राहतात. तोंपर्यंतचा अनुभव तसाच होता. त्यावरून नोव्हेंबरांत पुढें पुढें ठाणीं टाकण्याचें धोरण ठरलें. दहाबारा माणसांच्या ठाण्यांपासून चिनी दूर राहिले ते सामर्थ्य नाहीं म्हणून, कीं तशी इच्छा अजून झाली नाहीं म्हणून, हा प्रश्न जोखणाऱ्यानें विचारावयास हवा होता. बातमी आणणारा व जोखणारा एकच असला म्हणजे स्वतःच्या बातमीवर त्याचा जीव जडतो, आणि असे प्रश्न सुचत नाहींत.

ज्यास तो प्रश्न सुचला तो पुरुष मराठी होता, हें आमच्या वाचकांस ठाऊक असावें. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात हे कोल्हापूरकडचे. १९५७ पासून १९६१ पर्यंत पूर्व विभागाचे सेनापति असतांना त्यांनीं १९५९ च्या आक्टोबरांत एक टिपण करून वरिष्ठांकडे पाठविलें. चीन काय बोलतो याकडे न पाहतां तो काय करूं शकतो हें त्यांनीं मांडलें. आपलें सैन्य, रस्ते व रसद यांच्या हिशेबानें पुढचीं ठाणीं टिकणार नाहींत, संरक्षणाची खरी फळी मागें धरली पाहिजे, असें सांगितलें. सेनापति थिमय्या यांचा त्यास पाठिंबा होता. १९६० च्या मार्चमध्यें लखनौस 'लाल किल्ला' नांवाची लुटुपुटीची मोहीम आंखून हल्ला झाल्यास काय काय घडेल, हें त्यांनीं अधिकाऱ्यांस पटावर मांडून दाखविलें. दिल्लींत संरक्षणमंत्र्यांच्या दरबारीं त्या टिपणास मान मिळाला नाहीं. भय वाढविणारें म्हणून तें बाजूस पडलें. १९६१ मध्यें थोरात निवृत्त झाले. दीड वर्षानें पटावरचें बरेंचसें नेफांत घडलें. पुढें पंतप्रधानांनीं त्यांस बोलावून, हें मला पूर्वीं कां दाखविलें गेलें नाहीं, असें विचारल्याचें थोरातांनीं आपल्या आठवणींत नमूद केलें आहे.

थोरात हे कांहीं हेरखात्याचे नव्हते, लढणारे सेनापति होते. त्यामुळें आजोबांच्या मनांतला तोफखाना व कागदखाना हा भेद किती पोकळ आहे तें दिसतें. चांगलें टिपण लिहिणें हेंहि शौर्याचें काम आहे; धन्यास न आवडणारें टिपण लिहिणें तर विशेषच.

परदेशांत याहून निराळें घडत नाहीं. इस्रायलच्या सैनिकी गुप्तवार्ता खात्याची जगांत केवढी कीर्ति! १९७३ च्या ६ आक्टोबरास मिसर व सीरिया यांनीं दोन बाजूंनीं हल्ला केला तेव्हां तें खातें बेसावध सांपडलें. लांब पल्ल्याचीं विमानें व क्षेपणास्त्रें मिळाल्यावांचून मिसर लढणार नाहीं, आणि मिसरावांचून सीरिया लढणार नाहीं, असा त्यांचा पक्का ग्रह होता. नदी उतरत नाहीं तोंवर अब्दाली येत नाहीं, त्याचीच ही नवी आवृत्ति. दक्षिण आघाडीवरच्या सिमन-तोव नांवाच्या एका तरुण लेफ्टनंटानें महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत दोन टिपणें लिहून, कालव्यापलीकडची कवाईत ही कवाईत नसून हल्ल्याची तयारी असावी, असें सुचविलें. तीं टिपणें त्याच्या वरिष्ठानें पुढें जाऊंच दिलीं नाहींत. चौकशीमंडळापुढें हें उघडकीस आल्यावर त्या खात्यांत एक नवें टेबल निघालें. त्या टेबलावर बसणाऱ्याचें काम एवढेंच कीं, खात्याचें जें मत ठरेल त्याच्या उलट बाजू जोरानें मांडावयाची. हें वाचून आम्हांस हसूं आलें. आमच्या शास्त्रीमंडळींत पूर्वपक्ष नीट मांडल्यावांचून सिद्धान्ताकडे वळूं देत नसत. ज्यास प्रतिपक्षाची बाजू त्याच्याहून चांगली मांडतां येत नाहीं, त्याचें खंडन कोणी मानीत नसे. अशा पाठशाळेंत तयार झालेल्या बुद्धीस हें काम अवघड जाऊं नये.

भाषेचीहि एक गंमत आहे. अमेरिकेंत शर्मन केंट नांवाचे इतिहासाचे प्राध्यापक या खात्यांत गेले होते. १९५१ मध्यें यूगोस्लावियावर रशियाच्या बाजूचीं राष्ट्रें हल्ला करतील काय, यावर त्यांच्या मंडळानें एकमतानें लिहिलें कीं, हल्ल्याचा 'गंभीर संभव' आहे. पुढें एका अधिकाऱ्यानें विचारलें, संभव म्हणजे किती? केंटच्या मनांत शंभरांत पासष्ट होते. त्यांनीं सहकाऱ्यांस एकेकट्यास विचारलें, तों कोणाच्या मनांत वीस, कोणाच्या ऐंशीं! सर्वांनीं एका शब्दाखालीं सह्या केल्या होत्या, मत एकाचेंहि दुसऱ्याशीं जुळत नव्हतें. आमच्या मराठींत 'बहुधा', 'कदाचित्', 'होईलसें वाटतें' हे शब्द किती सैल वापरले जातात! 'बघूं, येईन बहुतेक' असें सांगणारा पाहुणा येणार नसतो, हें यजमानास कळतें. सेनापतीस कळत नाहीं.

आतां तिसऱ्या आक्षेपाकडे, म्हणजे कीर्तीकडे वळूं. त्याचें उत्तर आम्हांस द्यावें लागलें नाहीं. निफाडच्या थंडीनें दिलें. महाराष्ट्रांत थंडी पडली म्हणजे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा किती उतरला हें वर्तमानपत्रांत पहिल्याप्रथम छापून येतें, हें वाचकांनीं पाहिलें असेल. आमच्या मुक्कामाच्या तिसऱ्या रात्रीं पारा फार खालीं जाणार अशी सूचना आली. स्नेह्यांच्या दुसऱ्या चिरंजीवांची द्राक्षबाग आहे. त्यांनीं माणसें बोलावलीं, बागेंत जागोजाग शेकोट्या पेटविल्या, पहांटेपर्यंत पाणी चालू ठेविलें. सकाळीं थंडी होती, पण भीति दाखविली होती तेवढी नव्हती. मणी सुखरूप होते. चहाला बसल्यावर चिरंजीव डोळे चोळीत म्हणाले, "फुकट जागरण! हे हवामानवाले नुसते घाबरवितात."

मुलगा हसूं लागला. "काका, थंडी पडली असती आणि सूचना नसती, तर काय म्हणाला असतां?"

"काय म्हणणार? झोपले होते काय म्हणालों असतों."

वडिलांनीं वर्तमानपत्र खालीं ठेविलें.

सूचना मानून आपण सावध झालों आणि शत्रु आपली सावधगिरी पाहून परत फिरला, तर सूचना खोटी ठरते. सूचना न मानतां बुडालों, तर ती देणारा कोठें होता असें विचारलें जातें. दोन्ही बाजूंनीं जोखणाऱ्याच्या नांवावर उधारच. १६ डिसेंबर १९७१ रोजीं ढाक्यास शरणागतीच्या कागदावर सही होत असतांनाचें छायाचित्र आपण सर्वांनीं पाहिलें आहे. त्यांत टेबलाशीं सेनापति बसले आहेत. महिनोन् महिने शत्रूच्या पलटणींचे चेहरे ओळखीत बसलेला माणूस त्यांत असण्याचें कारणच नाहीं. उलट १९९९ मध्यें कारगिलच्या डोंगरांवर शत्रु चढून बसला तेव्हां सर्व देशानें एकच प्रश्न विचारला: बातमी कोठें होती? के. सुब्रह्मण्यम् यांच्या अध्यक्षतेखालीं समिति बसली. तिनें काढलेल्या दोषांत एक असा होता कीं, निरनिराळ्या खात्यांकडे आलेले तुकडे एकत्र आणून जोखण्याची व्यवस्था दुबळी होती आणि त्या व्यवस्थेस सरकारदरबारीं वजन नव्हतें. त्यानंतर २००२ मध्यें तिन्ही दलांची मिळून एक गुप्तवार्ता संस्था काढण्यांत आली. यशवंतरावांनीं लोकसभेंत हाच दोष सांगितला त्यास तोंवर ३८-३९ वर्षें झालीं होतीं. तेव्हां त्या लोकांची अपकीर्ति सर्वस्वीं अन्यायाची आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यांच्या हातून चुका होतात, आणि त्यांचें मोल जवानांस द्यावें लागतें. परंतु ज्या कामास घरांत मान नाहीं, खात्यांत बढती नाहीं आणि चुकल्यावांचून नांव नाहीं, त्या कामाकडे उत्तम बुद्धीचा मुलगा वळणार कसा, हाहि हिशेब समाजानें पाहावयास पाहिजे. हुषार मुलांस आपणच तेथून परत फिरवावें आणि मग तेथें हुषारी नाहीं म्हणून बोटें मोडावींत, हें आमच्या बुद्धीस पटत नाहीं.

त्या दिवशीं दुपारीं मुलाची परत जाण्याची गाडी होती. स्टेशनावर आम्ही सारेच गेलों. शाखेच्या पसंतीचा विषय कोणीं काढला नाहीं. आजोबांनीं तोफखान्याचेंहि नांव घेतलें नाहीं. गाडी दिसूं लागल्यावर त्यांनीं हातांतल्या पिशवींतून कापडांत गुंडाळलेला हिंगणे दप्तराचा पहिला खंड काढला आणि नातवाच्या हातांत दिला.

"बांधणी सुटली आहे," ते म्हणाले, "पानें जपून उलट. आणि पुढच्या रजेस येतांना परत आण. दुसरा खंड तेव्हां देईन."